समुद्रात गोडं पाणी, अन् आमच्या वावरात खारं



तूर विकली, हरभरा घरात आला, अन् फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही चौघं दोस्त मालवणला निघालो. दोघं अकोटकडचे, एक कृषी खात्यातला, अन् मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्याचा. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरलो. गाडीत दोन तंबू, एक गंज, भाकरीचं पीठ अन् ठेचा. खात्यातल्या दोस्तानं खिशातला ईसी मीटरही घेतला होता. आम्ही त्याला लय हसलो.

आधी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चारही बाजूंनी खारा समुद्र, अन् आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लोक तटबंदी पाहत होते, मी विहिरीत डोकावत बसलो. अकोटवाला म्हणे, "काय पाहून रायला बे? पाणीच तं आहे." ज्याच्या गावात गोडं पाणी निघते त्याला काय समजणार!

किल्ल्यावर तंबू ठोकता येत नाही, संरक्षित वास्तू आहे. म्हणून रात्री देवबागला एका घरमालकाला विचारून त्याच्या माडांच्या वाडीत उतरलो. देवबाग म्हणजे बेट नाही, पण बेटासारखंच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, टोकाला दोघांचा संगम. मधात वाळूची पट्टी, काही ठिकाणी आपल्या एखाद्या लांब वावराएवढी रुंद. तंबूच्या खुंट्या वाळूत ठरेनात. आपल्या काळ्या जमिनीत फेब्रुवारीत खुंटी आत जात नाही, तिथं आत गेलेली बाहेर येते. शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली अन् दोऱ्या त्यांनाच बांधल्या.

स्वयंपाकाला पाणी पाहिजे होतं. वाडीतच विहीर, खोल नाही, समुद्राचा आवाज कानावर येतो एवढ्या अंतरावर. पोहऱ्यानं पाणी काढलं, चाखलं. गोडं! मीटर बुडवला, तर आकडा माझ्या घरच्या बोअरच्या पावही नव्हता. मग कोणी हसलं नाही. मी खरं सांगतो, मला रागच आला. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस, अन् बोअरचं पाणी जनावर तोंड लावत नाही असं.

मालक म्हातारा होता. तो म्हणाला, "मोठो पंप लावलो तर ह्या बावीचा पाणी खारा होता." त्याच्या शेजारी कोणी तरी ते करून बसलं होतं.

रात्री झोप कुणालाच नव्हती, दोन्हीकडून पाण्याचा आवाज. खात्यातल्या दोस्तानं वाळूत काडीनं चित्र काढून समजावलं. पावसाचं पाणी वाळूतून लगेच खाली मुरते. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं वर तरंगते, दुधावर साय असते तसं. ढोबळ हिशोब असा, की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी १ फूट असलं, तर खाली सुमारे ४० फूट असते. पण वरून १ फूट उपसलं की खालचं खारं तेवढ्याच हिशोबानं वर सरकते. अन् ही साय दरवर्षी तिथला भरमसाठ पाऊस भरून काढतो.

"मंग आपल्याकडे काऊन नाही होत?" मी विचारलं.

"आपली माती पाणी खाली जाऊच देत नाही ना भाऊ. वाळू नाही ते, चिकण आहे. अन् खाली पूर्णेच्या गाळातच खार भरला आहे."

मग मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. दहा वर्षांपूर्वी बोअर घेतलं, भरपूर पाणी लागलं, गावात पेढे वाटले. बाबा म्हणत होते, "हे पाणी वावराले देऊ नको." मी तीन वर्षं गव्हाला दिलं. सोडियमनं मातीचे कण मोकळे होऊन जमीन घट्ट बसली. पाऊस आला की पाणी वरच तुंबते, उघाड पडली की ढेकूळ दगडासारखं. दोन एकर गेलं. जिप्सम टाकतो आहे, पण त्यातला सोडियम धुऊन जायला गोडंच पाणी लागते, अन् निचराही. बाबा त्या धुऱ्यावरून गेले की अजूनही काही बोलत नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

अन् खरी गोष्ट ही, की निघायच्या आठ दिवस आधी मी दुसऱ्या वावरात, आणखी खोल बोअरसाठी मशीनवाल्याला विसार देऊन आलो होतो. दोस्तांना सांगितलं नव्हतं.

सकाळी तंबू सोडायच्या आधी वाडीतूनच त्याला फोन लावला. विसार परत मिळाला नाही.

घरी आल्यावर बाबांना घेऊन खालच्या धुऱ्यावर गेलो, जिथं बांधाचं पाणी जमते. शेततळं तिथं आखलं. आपल्या चिकण मातीचा एवढा फायदा, की वर साचवलेलं पाणी सहसा पाझरून जात नाही. बाबांनी स्वतः चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. हरभऱ्याला दोन पाणी निघतील एवढीच आशा आहे.

नाल्याकाठच्या जुन्या विहिरीवरचा ५ एचपीचा पंपही काढून ठेवला. तिचं पाणी दिवाळीपर्यंत बरं असते, मग फिरते. आता थोडं थोडं उपसून, दर पंधरा दिवसांनी मीटर बुडवून वहीत लिहिणार आहे. मीटर दोस्ताचाच, अजून परत दिला नाही.

पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या मंडळींनो, तुमच्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात फिरते, तेवढं लिहून कळवा.