नानीसाठी खाली केलेली स्कॉर्पिओ

भाच्याने सेकंडहॅण्ड स्कॉर्पिओ घेतली आणि महिनाभरात ती 'लोअर' करून आणली. धामणगाव बढ्याच्या आमच्या गल्लीत ती उभी राहिली तेव्हा पोरं मोबाइल काढून धावली. चाकं अर्धी आत गेलेली, गाडी दबा धरून बसल्यासारखी. मी विचारलं, "हे काय करून ठेवलं रे?"

"मामू, नानीला चढता येत नव्हतं ना. तिच्यासाठीच केलं."

आता यावर कोण काय बोलणार? अम्मीचे गुडघे गेलेत हे खरंच आहे. पण रील बघून त्याच्या डोक्यात हे खूळ आधीपासून होतं, हेही मला माहीत होतं.

गाडी खाली करणं मुळात वेडेपणा नाही. वजन जमिनीजवळ आलं की वळणावर गाडी कमी झुकते. शर्यतीच्या गाड्या उगाच बसक्या नसतात. त्यासाठी कमी उंचीच्या तयार स्प्रिंगा मिळतात, शॉकअपही त्याला जुळणारे घ्यावे लागतात. भाच्याच्या मिस्त्रीने मात्र असलेल्याच स्प्रिंगांचे वेढे गॅस कटरने कापले. मी भाषेचा मास्तर, म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना विचारलं. त्यांनी पेनातली स्प्रिंग काढून दाखवली. अर्धी पकडून दाबा, जास्त जोर लागतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि दबायला जागाही कमी उरते. शिवाय कटरच्या आचेने कापलेल्या टोकाजवळच्या पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच.

कंपनीच्या कागदावर या गाडीचा तळ जमिनीपासून १८० मिलिमीटर. त्यातले दोन इंच, म्हणजे पन्नास मिलिमीटर गेले. मागच्या धुरीचा गोळा चाकांबरोबर तसाच राहतो, पण चेंबर, सायलेन्सर सगळं खाली येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडे ज्याच्या दारासमोर रस्ता, त्याच्या उरलेल्या काँक्रीटचा गतिरोधक. शेताकडच्या पांदणीत तर पावसाळ्यानंतर दोन चाकोऱ्यांच्या मधली काळी माती वाळून दगड होते. अब्बांच्या दमणीची चाकं उगाच एवढी मोठी नव्हती.

कायद्याचंही मी बोलून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. अपघात झाला तर विमावाले आधी याच्यावर बोट ठेवतील. भाचा म्हणाला, "मामू, इथं कोण मोजायला येतंय?" हेही खरंच.

मग अम्मीला बुलढाण्याला हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचा दिवस आला. अम्मी गाडीजवळ आली, दार धरलं, पाय उचलला आणि परत खाली ठेवला. "मैं नै जाती," म्हणाली. मी चिडलो. भाचा म्हणाला, "नानी, उचलून ठेवतो." अम्मीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

शेवटी बहिणीच्या खांद्यावर भार टाकून कशीबशी चढली. मोताळ्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकावर खालून खर्रर आवाज आणि मागून अम्मीचं "या अल्लाह". राजूर घाटात एका खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा ती काहीच बोलली नाही. आरशात पाहिलं, तर दोन्ही हातांनी गुडघे धरून डोळे मिटून बसली होती. भाच्यानेही पाहिलं. तिथून बुलढाण्यापर्यंत त्याने गाडी बैलगाडीसारखी चालवली.

घरी आल्यावर मी टेप घेऊन मोजलं. गाडीचा उंबरठा जमिनीपासून वीस इंच, म्हणजे आधी बावीस असणार. दाराखालचं लोखंडी पायदान कुठंय? भाचा मान खाली घालून म्हणाला, "गतिरोधकाला घासत होतं, काढून टाकलं." म्हणजे पूर्वी दोन टप्प्यांत चढायचं होतं, आता वीस इंच एकदम.

रात्री बहिणीने सांगितलं. गेल्या वर्षी एका लग्नात दोन पोरांनी अम्मीला काखेत हात घालून गाडीत चढवलं होतं, भर मांडवासमोर. तेव्हापासून ती कुठं जात नव्हती. मलकापूरला मावशीच्या मयतीलाही गेली नाही. आम्ही समजलो, हट्टी झाली. लग्न होऊन ती या गावात दमणीतून आली होती, तेव्हा चाकाच्या तुंब्यावर पाय देऊन स्वतः उतरली होती, हे ती अजून सांगते.

स्प्रिंगा भाच्याने स्वतःच्या पैशाने बदलल्या. पायदानही बसवलं. मी सुताराकडून सागाचा ठोकळा करून घेतला, सात इंच उंच, वर खाचा पाडलेला, बाजूला दोरीची मूठ. अम्मी तो आता कुणाच्या हाती देत नाही. गाडीत बसली की वाकून दोरीने वर ओढते, पायाशी ठेवते आणि भाच्याला म्हणते, "चल, अब हाँक."