हलणारी दाढ

केसपेपरवर माझ्याच अक्षरात एवढंच होतं : ‘दाढ हलते. काढली.’ पाच महिन्यांनी तोच कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन ते बाबा माझ्यासमोर पुन्हा बसले. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती आणि दाढ काढलेली जागा भरलीच नव्हती.

मी मूळची धरणगावची. खानदेशातल्या एका सरकारी दवाखान्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर दातांची डॉक्टर होते. तिथे हे काम करणारी मी एकटीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पद सहसा नसतं, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतले सगळे दुखरे दात आमच्या त्या एका खुर्चीवर यायचे. राज्यात सरकारी दंत महाविद्यालयं वर्षानुवर्षं तीनच होती, मुंबई, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद. खानदेशात एकही नव्हतं. खासगीत रूट कॅनॉलला हजारो रुपये लागतात. म्हणून माणूस आधी मेडिकलमधून गोळ्या आणून दुखणं दाबतो, आणि आमच्याकडे येतो तेव्हा दात काढण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. मीही मग काढतच राहायचे. दिवसाला किती काढले हाच कामाचा हिशेब झाला होता.

ते आले तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते आणि त्यात बाजाराचा वार. बाहेर चाळीसएक माणसं बसलेली. “ताई, दाढ हाली राहिनी, काढी टाका,” एवढंच ते म्हणाले. त्यांना दोनची एसटी गाठायची होती. मी इंजेक्शन दिलं, चिमटा लावला आणि दाढ जवळपास आपोआप हातात आली. एवढी सहज निघाली म्हणून मला बरं वाटलं.

खरं तर तिथेच मी घाबरायला हवं होतं. शेजारचे दात घट्ट होते. सगळे दात मजबूत असताना एकच दाढ हलत असेल तर तिच्याखालचं हाड कशाने खाल्लं जातंय हे आधी बघायचं, एक्स-रे काढायचा, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं असतं. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बघायची, जबड्याखाली बोटांनी गाठी चाचपायच्या. याला दोन मिनिटं लागतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी होती, ती मला दिसली होती. दाढेजवळ हिरडीवर खरबरीत चट्टाही दिसला होता. दाढ घासून झाला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम तपासायलाच हवी, हे मी शाळाशाळांतून मुलांना सांगत फिरले होते. त्यांना मात्र ‘आठ दिवसांनी दाखवा’ एवढं तोंडी म्हटलं आणि तेही कागदावर लिहिलं नाही. ते आले नाहीत. का आले नाहीत, हे विचारणारं कोणी नव्हतं. मीही विचारलं नाही.

गर्दी होती म्हणून चुकलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. गर्दी खरीच होती. पण त्याच दुपारी औषध कंपनीच्या माणसाबरोबर मी पंधरा मिनिटं चहा घेतला होता, हेही खरं आहे. एकटीच डॉक्टर असल्याने माझ्यामागून तोंड बघणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तर माझ्यावर जास्त जबाबदारी होती.

मार्चमध्ये ती गाठ हाताला लागल्यावर मी काय बोलले, तेही लिहायला हवं. “बाबा, तंबाखूने केलं हे,” असं म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण ‘मी तेव्हाच बघायला हवं होतं’ हे वाक्य ओठांवर येऊनही गिळलं. त्यांनी मान खाली घातली, जणू सगळी चूक त्यांचीच. जळगावला तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, मग परळच्या टाटा रुग्णालयात अर्धा जबडा काढावा लागला.

पुढे मी भीतीपोटी कायदा वाचला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे, जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तो दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे घेतले तरी नाही. 2005 च्या निकालाप्रमाणे डॉक्टरवर फौजदारी गुन्हा ठरायला निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो. वाचून माझा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याचीच लाज वाटली. खासगीत पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोगाचं दार आहे. ज्याच्याजवळ आमच्या खुर्चीशिवाय काही नाही, त्याला तेही नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची बायको पिशवीभर भरिताची वांगी घेऊन आली. “ताई, तुम्ही वेळेवर मुंबईला धाडलं म्हणून माणूस हाती लागला,” म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उभं केलं. सांगायचं असतं तर ती वेळ होती. बाहेर त्या दिवशी गर्दीही नव्हती. मी पिशवी घेतली, ‘औषधं चुकवू नका’ म्हटलं आणि पुढचा नंबर बोलावला.