सगळं धरून किती?

२०२५च्या नाताळात सासूबाईंना गणपतीपुळ्याला आणि तिथून तारकर्लीला न्यायचं ठरलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. नणंद मुलांना घेऊन बोरिवलीहून येणार. मांडवी, कोकणकन्या, तुतारी या गाड्या ठाण्याला थांबतात, त्यामुळे आम्हा मुलुंडकरांना सोयीच्या. ६० दिवस आधी सकाळी ८ला आरक्षण उघडलं तेव्हा मोबाइल हातात घेऊन बसलो होतो, तरी पदरात वेटिंगच पडलं. मग सात सीटची गाडी भाड्याने घेऊ म्हटलं.

गाडीवाले किलोमीटरचा दर लगेच सांगतात. बाकीचं खोदून विचारलं तरच बाहेर येतं. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरणार, म्हणजे तारकर्लीत गाडी दिवसभर माडाखाली उभी राहिली तरी ३००चे पैसे. मोजणी गॅरेज टू गॅरेज. गॅरेज अंधेरीत, म्हणून अंधेरी-मुलुंड जाणं-येणंही आमच्याच माथी. ड्रायव्हर भत्ता वेगळा, नाइट चार्ज वेगळा, पार्किंग वेगळं. एकाने टोलमध्ये ऐरोली नाकाही धरला होता. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४पासून टोल माफ आहे, हे सांगितल्यावर त्याने तो मुकाट्याने काढला. एक गाडी बरीच स्वस्त मिळत होती, पण फोटोत नंबरप्लेट पांढरी दिसली. खासगी गाडी भाड्याने चालवायची परवानगी नसते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हातारं माणूस आणि मुलं गाडीत असताना हा धोका मला नको होता.

खोल्यांनी तर जीव मेटाकुटीला आणला. रात्री 'शेवटची १ खोली शिल्लक' अशी लाल पाटी दिसायची; सकाळी उघडावं तर तीच खोली, तीच पाटी. पहिल्या पानावरची रक्कम पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत फुगलेली असायची आणि प्रवास विम्यावर आपोआप खूण पडलेली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. खोटी घाई, मागाहून चढवलेले आकार, न विचारता गळ्यात मारलेल्या सेवा, सगळं त्यात येतं. नियम असूनही लोकांना रोज असं नाडलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो.

एका हॉटेलने साडेचार हजारांच्या खोलीवर १२ टक्के जीएसटी सांगितला. २२ सप्टेंबर २०२५पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच लागतो, असं म्हटलं तर उत्तर आलं, "मॅडम, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय."

पैशांचं एक वेळ सोसलंही असतं. पण सासूबाईंसाठी तळमजल्याची, कमोड असलेली खोली मिळेल याची खात्री कुणी देईना. अ‍ॅपवर 'विनंती नोंदवली' एवढंच येतं. हॉटेलात फोन लावला की, "तुम्ही या, आल्यावर बघू." आल्यावर काय बघणार? रात्री नऊ वाजता त्यांना दोन जिने चढायला लावणार?

आणि ड्रायव्हर कुठे झोपणार, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, "ते गाडीतच झोपतात." दहा-बारा तास गाडी चालवून आलेला माणूस डासांत, सीटवर अंग मुडपून रात्र काढणार आणि सकाळी आमची सगळ्यांची जबाबदारी घेऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसणार. हे सगळ्यांना इतकं सवयीचं झालंय की माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटत होतं.

तारकर्लीच्या एका घरगुती निवासातल्या काकूंनी मात्र एका दमात सगळं सांगितलं. "खोली खाली आसा, पायरी एकच. कमोड आसा. माशाचा जेवाण येगळा. ड्रायव्हराक पडवीत खाट घालतंव, पंखो आसा." पाठोपाठ बाथरूमचा व्हिडिओ आला, आणि सगळं धरून होणारी रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर. मी लगेच आगाऊ पैसे पाठवले. गणपतीपुळ्याला अशी खोली मिळेना, म्हणून तिथे फक्त दर्शन घ्यायचं आणि रात्री रत्नागिरीत नणंदेच्या सासरी राहायचं ठरवलं. गाडीवाल्याकडूनही मी किलोमीटर, भत्ता, टोल सगळं लिहून घेतलं, आणि मगच त्याला होकार दिला.