एका ‘नाही’चा इतिहास

१४ एप्रिल १९८६ ची रात्र. जयंतीची मिरवणूक आटोपली होती आणि आपल्या शाळेच्या पटांगणात भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही व व्हीसीआर मांडला होता. मी तेव्हा नववीत होतो. वसतिगृहाच्या अधीक्षक सरांनी आणलेली कॅसेट ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या १९६८ सालच्या इंग्रजी चित्रपटाची होती. संवाद आम्हांला कळत नव्हते. सर मधूनमधून चित्र थांबवीत आणि मराठीत कथा सांगत.

टेलर नावाचा अंतराळवीर एका ग्रहावर उतरतो. तेथे माणसे मुकी आहेत आणि राज्य वानरांचे आहे. ओरांगउटान कायदा व धर्म सांभाळतात, चिंपांझी विद्या करतात, गोरिला शस्त्र धरतात. सर एवढेच म्हणाले, “पोरांनो, ओळखीचे वाटते का?” आधी हशा पिकला, मग सारे गप्प झाले.

त्या राज्यात विज्ञानमंत्री आणि धर्मरक्षक एकच आहे, डॉ. झायस. कॉर्नेलियस या चिंपांझी संशोधकाला एका गुहेच्या उत्खननात माणसाच्या आकाराची बोलणारी बाहुली सापडते. वानरांच्या आधी येथे बोलणारी माणसे होती, याचा तो पुरावा. झायसला सत्य ठाऊक असते, म्हणूनच तो गुहा सुरुंगाने बुजवायला लावतो. मी पुढे इतिहासात एम.ए. केले, त्यात त्या गुहेचा वाटा मोठा आहे. पोथी आणि पुरावा यांचे भांडण मी प्रथम तेथे पाहिले.

येथे एक खुलासा करतो. ज्यांना शतकानुशतके पशूंहून खाली लेखले गेले, त्यांनी पडद्यावरील वानरांत स्वतःला शोधावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाहायची ती व्यवस्था. वाणी आणि ग्रंथ ज्याच्या हाती, त्याचे राज्य. मग सिंहासनावर कोणीही बसो.

१९७३ पर्यंतचे पुढील चार भाग मी मिळेल तेथून कॅसेट आणून पाहिले. २००१ साली टिम बर्टन यांनी ती कथा नव्याने चित्रित केली, तेव्हा निराश झालो. २०११ मध्ये पुन्हा नवी मालिका सुरू झाल्याचे कळले आणि मी ती न पाहण्याचे ठरविले. जॉन चेंबर्स यांनी घडविलेल्या वानरमुखवट्यांना ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला होता. आता म्हणे अँडी सर्किस हा नट हालचाली करणार आणि त्यावर संगणक वानर चढविणार! मला तो जुन्या चित्रपटाचा अवमान वाटला.

दोन वर्षांनी दहावीच्या मुलांनी सभागृहात प्रोजेक्टरवर तोच चित्रपट लावला. देखरेखीसाठी मला बसणे भाग होते. सीझर हा बुद्धिमान चिंपांझी माणसाच्या घरात लाडाने वाढतो. एके दिवशी गळ्यातील दोरीकडे पाहून तो खुणेने विचारतो, मी पाळीव प्राणी आहे का? पुढे तो पिंजऱ्यात पडतो, भिंतीवर घरच्या खिडकीचे चित्र काढतो. धनी न्यायला येतो तेव्हा मात्र तो जात नाही, इतर वानरांपाशीच राहतो. आणि एका रात्री छळणाऱ्या रखवालदाराचा हात धरून तो पहिला शब्द उच्चारतो, “नाही!” सभागृहातील कुजबुज थांबली.

मला तर तो शब्द ओळखीचा होता. १९७१ च्या तिसऱ्या भागात कॉर्नेलियस माणसांना आपल्या जातीचा इतिहास सांगतो. त्यात अल्डो नावाचा वानर प्रथम बोलला आणि त्याचा शब्द ‘नाही’ हाच होता, असा उल्लेख येतो. जुन्या कथेतील त्या एका वाक्यातून नव्या मंडळींनी आख्खे प्रकरण उभे केले होते. न पाहताच त्यांना पाखंडी ठरविणारा मी. गुहा बुजविणारा झायस माझ्यातही होता!

चित्रपट संपल्यावर वर्गात सहसा न बोलणारा एक मुलगा उठला. “सर, त्याला ‘नाही’ म्हणायला इतका वेळ का लागला?” मी म्हणालो, “बाळा, आधी दोरी दिसावी लागते. मग भिंतीवरची खिडकी पुसावी लागते. मग सोबती जमवावे लागतात.” त्याला महाड आठवून दिले. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा; चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी. मधली वर्षे रिकामी नव्हती.

२०२४ चा भाग मी स्वतःहून चित्रपटगृहात जाऊन पाहिला. सीझर जाऊन अनेक पिढ्या लोटल्या आहेत. प्रॉक्सिमस नावाचा राजा त्याचेच नाव घेतो, एकजुटीचे त्याचेच वचन गर्दीकडून वदवून घेतो आणि त्याच गर्दीला वेठीस धरतो. राका हा वृद्ध ओरांगउटान मात्र त्या वचनांचा अर्थ एका तरुणाला समजावीत राहतो. वचन दोघांच्याही तोंडी आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. दरवर्षी जयंतीला मुले जी भाषणे करतात, ती गेली वीस वर्षे मीच लिहून देत आलो. मुले ती अचूक म्हणत, टाळ्या पडत, पालक सुखावत. त्यांतला एक शब्दही त्यांचा नसे.

पुढच्या जयंतीला मी कोणालाही भाषण लिहून दिले नाही. “वाचा, आणि जे पटले ते बोला, पटले नाही तेही बोला,” एवढेच सांगितले. आठवीतील एक मुलगी मध्येच अडखळली. बराच वेळ ती माईकपुढे गप्प उभी होती. मला उठून शब्द सुचवावासा वाटला, पण मी बसून राहिलो. थोड्या वेळाने ती पुढे बोलू लागली. वाक्य मोडके होते, पण तिचे होते.