पाणी आमचं नव्हतं

“तुमचं बाथरूम तरी नवं झालं ना?” आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे भर सभेत, हसत हसत म्हटलं. चार-पाच जण हसलेही. मी तेव्हा काहीच बोलले नाही आणि तेव्हापासून मनातल्या मनात त्याला उत्तरं देते आहे. भाजी चिरताना, लोकलमध्ये उभ्याने, कधी कधी त्याच नव्या बाथरूममध्ये.

बाकीचं थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्वेला 1986 सालची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. संडास वेगळा, मोरी वेगळी, मध्ये अर्ध्या विटेची भिंत. मोरीला शहाबादी फरशी, भिंतीला छातीपर्यंत पांढऱ्या सहा इंची टाइल्स, त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडलेल्या. संडासात खाली बसायचं भांडं. सासूबाईंचे गुडघे गेले तशी त्यावर खुर्ची ठेवली होती. करायचं, करायचं म्हणत होतो. पण एका वर्षी मुलाची फी, एका वर्षी नवऱ्याचं ऑपरेशन. तुमच्याकडेही असंच चाललं असेल.

मग खालच्या मजल्यावरच्या काकांच्या संडासाच्या छताला ओल आली. आधी डाग, मग पोपडे, मग थेंब. काका वर आले, आमची मोरी पाहिली आणि म्हणाले, “अहो, ही मोरी बघूनच कळतं.” मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, सगळा निकाल त्याच वाक्यात लागला होता. मोरी जुनाट दिसते, म्हणजे गळते. पाणी कुठून येतं हे कुणी पाहिलं नाही, फरशीचा रंग पाहिला.

कमिटीची पहिली नोटीस आली, मग दुसरी. दुसरीत उपविधींचा हवाला होता. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती दुरुस्त करणं सभासदाचं काम. हे खरंच आहे. पण त्याच उपविधींत असंही आहे की बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांची दुरुस्ती सोसायटीने करायची. नोटिशीत ते नव्हतं.

आमचा प्लंबर म्हणाला होता, “ताई, आधी टेस्ट घेऊ. नहाणी ट्रॅपला बोळा मारून फरशीवर दोन इंच पाणी भरून ठेवू. खाली ओल वाढली तर तुमचं.” मी सेक्रेटरींना अर्ज दिला, की टेस्ट आपल्या देखत होऊ दे. उत्तर आलं, “चाळीस वर्षांच्या मोरीची टेस्ट कसली घेताय? गळणारच.” जिन्यात काकू भेटल्या की तोंड फिरवायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, दोघं नोकरी करतात तरी पैसा सुटत नाही. सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, फोडून टाकू.

आता बजेटचं. एका इंटिरियरवाल्याने 2 लाख 60 हजारांचं एस्टिमेट दिलं. त्यात फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन, भिंतीत लपवलेली फ्लशची टाकी आणि मधली भिंत काढून दोन्ही एक करणं. भिंत काढायला मी साफ नकार दिला. घरात चार माणसं आणि सकाळी तिघांना गाडी गाठायची. एक जण आंघोळीला गेला की बाकीच्यांनी काय करायचं? मासिकातलं बाथरूम डोंबिवलीत सकाळी साडेसहाला चालत नाही. शेवटी आम्ही मजुरीवर मिस्त्री लावला आणि सामान स्वतः आणलं. टाइल्स मोरबीच्या, 12 बाय 18च्या, 45 रुपये फुटाच्या, त्याही सात फुटांपर्यंतच. वर रंग. जमिनीला एक बाय एकची खरखरीत टाइल. दुकानदार दोन बाय दोनची चकचकीत गळ्यात मारत होता. मोठ्या टाइलला ढाळ नीट देता येत नाही, पाणी कोपऱ्यात साचतं आणि म्हातारं माणूस घसरतं. गीझर जुनाच ठेवला. जुने पितळी नळ भंगारवाल्याने वजनावर घेतले, तेवढ्यात साबणदाणी आणि टॉवेलचा दांडा आला.

दोन गोष्टींत मात्र हात आखडला नाही. एक म्हणजे पाइप. जुने जीआयचे पाइप कापले तेव्हा आतून गंजून पेन्सिलीएवढं भोक उरलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही पालिकेला शिव्या देत होतो की प्रेशर नाही. सगळीकडे सीपीव्हीसी टाकलं, गरम पाण्यालाही तेच चालतं. दुसरं म्हणजे वॉटरप्रूफिंग. जुनं भरणं स्लॅबपर्यंत काढून, कोपरे गोलाई देऊन बंद करून, भिंतीवर फूटभर चढवून, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा. हे कुणाला दिसत नाही, म्हणून लोक इथेच पैसे वाचवतात आणि नळ मात्र महागाचा लावतात.

आणि इथेच ती गोष्ट घडली.

तोडफोड सुरू झाली तेव्हा सासूबाईंना नणंदेकडे कल्याणला पाठवलं. आम्ही समोरच्यांचं बाथरूम वापरत होतो. त्यांचे उपकार वेगळेच. आमच्या संडास-मोरीचं पाणी पूर्ण बंद. मेन कॉकच बंद, भांडं काढलेलं, ट्रॅप काढलेला. जुनं भरणं पोत्यात भरताना मिस्त्री थांबला आणि मला हाक मारली. तो उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. म्हणाला, “मॅडम, देखो. सूखा है.” खरंच, मोरीखालचे विटांचे तुकडे कोरडे होते, हाताला पांढरी धूळ लागत होती. ओली होती ती फक्त डक्टकडची एक भिंत, संडासाच्या कोपऱ्यात. त्याने तिथे हात लावला, वास घेतला आणि म्हणाला, “ये पानी आपका नहीं है.”

मी तशीच खाली गेले. काकांच्या छतातून थेंब पडत होते. आमच्या घरी पाणीच नव्हतं आणि खाली थेंब पडत होते! मी काकांना म्हटलं, “बघा ना.” काका म्हणाले, “मुरलेलं असतं. सुकायला वेळ लागतो.” सेक्रेटरी आले, त्यांनीही तेच सांगितलं. मी वर येऊन कोरडे तुकडे पाहायला सांगितलं तर म्हणाले, “कामाचे कपडे नाहीत, धूळ लागेल.”

मी थांबवायला हवं होतं काम, असं बरेच जण मला सांगतात. कसं थांबवणार? घरात संडास नाही, मजुरी अर्धी दिलेली, टाइल्सची खोकी हॉलमध्ये. फोडलेलं घर हट्टाला साथ देत नाही.

नवं वॉटरप्रूफिंग झालं. 48 तास पाणी भरून ठेवलं, खुणेची रेघ मारून. रेघेखाली पाणी नावाला उतरलं. त्यात मी खाण्याचा लाल रंग टाकला होता. खाली थेंब पडायचे ते रंग नसलेले, आणि खरं सांगायचं तर वास असलेले. तरीही कमिटी म्हणाली, काम पूर्ण होऊ द्या, मग पाहू. मध्यंतरी काकांच्या संडासाला प्लास्टर आणि रंग करून द्यायचं ठरलं, आमच्या खर्चाने. 14 हजार रुपये. “वाद नको” म्हणून नवऱ्याने दिले. रंग महिनाभरही टिकला नाही, त्याच जागी फुगला.

तेव्हा कुठे डक्टमध्ये परांची बांधली. आमच्या भिंतीमागे, जमिनीच्या जरा वर, बिडाच्या चार इंची पाइपाचा सांधा उकलला होता आणि त्यात पिंपळाचं मूळ शिरलेलं. तिसऱ्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की पाणी त्या सांध्यातून भिंतीत जात होतं आणि भिंतीतून काकांच्या छताला. पिंपळ मनगटाएवढा जाड होता. तो काही एका पावसाळ्यात वाढला नव्हता. दर वर्षी डक्ट साफ केल्याचं बिल सोसायटीच्या हिशेबात आहे.

सोसायटीने पाइपाचा तो तुकडा बदलला. खालची ओल पंधरवड्यात वाळली. सभेत मी विचारलं, निदान ते 14 हजार? आणि मग ते वाक्य आलं, जे वर लिहिलंय. काकांनी मान खाली घातली होती, पण बोलले तेही नाहीत. इतक्या नोटिशी लेखी आल्या होत्या, चूक मात्र कुणी तोंडीही मान्य केली नाही.

ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960च्या कलम 91खाली सहकार न्यायालयात जाता येतं. मी कागद गोळाही केले. मग वाटलं, 14 हजारांसाठी तारखा? आणि त्याच जिन्यातून रोज वर-खाली? नाही गेले. त्याचाही राग येतो.

आता गंमत अशी की बाथरूम मला फार आवडतं. इतकं, की मला त्याची लाज वाटते. पहाटे दिवा लावला की सगळं स्वच्छ, फिकट, कोरडं. शॉवरला पाणी जोरात येतं. सासूबाईंनी आधी कमोडबद्दल कुरकुर केली, “हे कसलं बाई”. आता भिंतीतल्या दांड्याला धरून एकट्या उठतात, दार लावून घेतात, कुणाला हाक मारत नाहीत. सगळं मिळून 1 लाख 22 हजार लागले, काकांच्या रंगाचे सोडून. नोटीस आली नसती तर आम्ही अजून पाच वर्षं खुर्चीवर भागवलं असतं. म्हणजे सेक्रेटरी बरोबरच बोलले का? नाही. आम्हाला ज्याचा फायदा झाला ते आमच्या पैशांनी झालं आणि आरोप फुकट झाला. दोन्ही एका पावतीवर बसवता येत नाहीत. पण रोज सकाळी गरम पाणी अंगावर पडलं की हा युक्तिवाद जरा लुळा पडतो, हेही खरं.

कुणाला करायचं असेल तर सांगते. बोट दाखवलं म्हणून फोडू नका. आधी सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का पाहा. फिरला तर पाण्याचा पाइप गळतो. मग फरशीवर पाणी भरून ठेवा. मग फक्त ड्रेनेजमध्ये रंगाचं पाणी ओता. प्रत्येक टेस्ट वेगळ्या दिवशी, खालच्यांना बोलावून, फोटो काढून, आणि निकाल लेखी. डक्ट स्वतः डोकावून पाहा, पिंपळ दिसला की त्याच दिवशी अर्ज द्या. कमोड घेण्याआधी जुना पाइप भिंतीतून जातो की जमिनीतून ते बघून घ्या. आणि कमिटीत असाल तर कृपा करून, फरशी जुनी आहे एवढ्यावर नोटीस काढू नका.

रंगाचे 14 हजार परत मिळावेत म्हणून मी लेखी अर्ज दिला आहे, पोचही घेतली आहे. सेक्रेटरी बदलले. नवे म्हणाले, पुढच्या सभेत घेऊ.