गोष्टीतल्या गावची बिअर

मराठीत ‘राई’ म्हटले की फोडणीतील मोहरी डोळ्यांपुढे येते. ज्या ‘राय’विषयी मला लिहायचे आहे ती मोहरी नव्हे. ती गहू आणि जव यांच्या गोत्यातील एक तृणधान्य आहे. उंच, लांबट कणसाचे, करड्या-हिरवट दाण्याचे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते ठाऊक नाही. जिथे जमीन हलकी, रेताड आणि थंडी गव्हाला मारणारी, तिथे ते तग धरते. म्हणून जर्मनी, पोलंड, रशिया, फिनलंड अशा देशांत शतकानुशतके गरिबाच्या ताटात रायचीच काळी पोळी राहिली. पांढरी, गव्हाची पोळी वाड्यावर.

या धान्याची माझी पहिली ओळख पुण्याच्या नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत झाली, तीही चर्च-कायद्याच्या तासाला. कायदासंहितेचा ९२४ वा नियम शिकवणे चालू होते. मिस्सासाठीची भाकर केवळ गव्हाची आणि ताजी असावी, द्राक्षारस निखळ द्राक्षांचा असावा. मी नगर जिल्ह्यातील कोरडवाहू गावचा मुलगा. आमच्याकडे गहू सणाला. रोजची ज्वारी, नाहीतर बाजरी. मी विचारले, आमच्या शेतात जे पिकते ते वेदीवर कधीच चालणार नाही का? आमचे वृद्ध जर्मन प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “माझ्या आईच्या शेतात राय पिकत असे. तीही चालत नाही.” मग पुढचा नियम वाचायला त्यांनी सुरुवात केली. नियमाविषयी माझी तक्रार नाही. तो मी पाळतो आणि त्यामागची परंपराही जाणतो. परंतु त्या दिवसापासून न पाहिलेल्या त्या धान्याविषयी मला एक प्रकारची भाऊबंदकीतली, भांडण नसलेली आपुलकी वाटत आली आहे.

तीन वर्षांपूर्वी हे धान्य अकस्मात माझ्या कार्यालयात आले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण, खराडीच्या एका संगणक कंपनीत नोकरीला, मूळ घर राहुरीकडचे. तो आणि त्याचे चार मित्र इंग्रजी अद्भुतकथांचे वेडे. बौने, चेटके, अंगठ्या, तलवारी! त्याने टेबलावर एक कागद ठेवला आणि म्हणाला, “फादर, नाताळला आम्ही घरी बिअर करणार आहोत. जुन्या पद्धतीची, रायची. टॉल्किनच्या गावात करतात तशी. तुम्ही आशीर्वाद द्या.”

हा टॉल्किन आमच्या वाचकांना अगदीच परका नसावा. १८९२ साली जन्मलेला, ऑक्सफर्डला जुन्या भाषा शिकवणारा हा प्राध्यापक निष्ठावंत कॅथोलिक होता. बाराव्या वर्षी आईविना पोरका झाल्यावर बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक होऊन त्याला वाढवले. ‘द हॉबिट’ १९३७ साली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग १९५४ साली निघाला. या कथांतील बुटकी, गोलमटोल, शेती करणारी माणसे खाण्यापिण्याची मोठी शौकीन. त्यांच्या पंचांगातील १४२० या सालचे जव इतके उत्तम पिकते की त्या सालची बिअर पुढे कितीतरी काळ लोकांच्या आठवणीत राहते. एका खानावळीच्या मालकाच्या बिअरवर तर जादूगार प्रसन्न होऊन सात वर्षे टिकणारी अपूर्व चव बहाल करतो. मी कथा वाचली होती, म्हणून म्हणालो, “बाळा, त्या गावात जवाची बिअर आहे, रायची नव्हे.” तो गडबडला नाही. उत्तरेकडच्या गरीब खेड्यांत जे पीत तेच खरे जुने पेय, आणि टॉल्किनने उत्तरेच्याच जुन्या कथांवर आपले जग उभे केले, असा त्याचा युक्तिवाद. या पुस्तकांच्या भक्तांचे शास्त्र आमच्या ईशज्ञानापेक्षा कडक असते, हे मला त्या दिवशी कळले.

आशीर्वादाचे म्हणाल तर ती मागणी तितकी विचित्र नव्हती. जुन्या रोमन विधिग्रंथात बिअरवर म्हणावयाची एक स्वतंत्र प्रार्थना आहेच. मध्ययुगात मठ हीच युरोपची मोठी मद्यशाळा होती. नवव्या शतकातला सांक्ट गालेनच्या मठाचा जो आराखडा आजही जपून ठेवला आहे, त्यात यात्रेकरू, पाहुणे आणि संन्यासी यांच्यासाठी बिअर करण्याच्या वेगवेगळ्या जागा दाखवल्या आहेत. अडचण स्वर्गातून नव्हती, मंत्रालयातून होती. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे आणि परवान्यावाचून घरात मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते गावठी असो की पुस्तकातले. ज्यांना परवाना आहे ते उघड करतात. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाची छोटी मद्यशाळा निघाली, पुढे आणखी निघाल्या. (हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत त्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत, त्यावरून इंग्रजीत तो शब्द रूढ झाला.) हे सांगितल्यावर तरुणाचा चेहरा उतरला. “मग निदान ती होते कशी, ते तरी ऐका,” म्हणाला. मी ऐकले, आणि ऐकताना मला माझी आई आठवत राहिली.

कारण बिअरचे मूळ तंत्र आपल्या घरात आहे. बाळाला भरवायला नाचणीचे सत्त्व आपल्या आयाबहिणी कसे करतात? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात असे रस तयार होतात की ते पिठातील पिष्टाची साखर करतात. म्हणून सत्त्व पचायला हलके आणि जरा गोडसर. युरोपातला शेतकरी राय आणि जव यांचे तेच करतो. मग ते भरड पीठ साधारण ६५ ते ६८ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की काढा गोड होतो. तो गाळून, निववून त्यात किण्व घालायचे. पुढचे काम ते सूक्ष्म जीव करतात.

रायची खोड मात्र वेगळी. जवाला टरफल असते, त्याचा थर आपोआप गाळणीचे काम करतो. रायला ते नसते, शिवाय तिच्यातला एक चिकट अंश पाणी धरून ठेवतो. त्यामुळे भांड्यात काढ्याऐवजी खळ होऊन बसते आणि काही केल्या गळत नाही. फिनलंडमधल्या खेड्यांनी यावर जुना उपाय शोधला आहे. तिथल्या ‘साहती’ नावाच्या घरगुती बिअरमध्ये जवाबरोबर राय असते. झाडाचे खोड पोखरून लांबट डोणी करतात, तळाशी ज्युनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या डहाळ्या आणि गवताचे काड अंथरतात आणि त्यातून ती गाळतात. किण्व साधे, पावाचेच. ही बिअर टिकत नाही, ताजी असतानाच संपवावी लागते. नॉर्वेतील शेतकरी कुटुंबे तर आपले किण्व लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवून ठेवत आणि पुढच्या पिढीच्या हाती देत. ते काढ्यात सोडताना मोठ्याने ओरडण्याची तिकडे रीत होती. आमच्याकडे शेजारणीकडून विरजण आणताना कोणी ओरडत नाही, पण वाटी रिकामी परत करू नये हा दंडक मात्र होता.

आईची ज्वारीची आंबील याच घराण्यातली. रात्री ताकात पीठ कालवून ठेवायचे, सकाळी ते आंबून वर आलेले असे. मग पाण्यात शिजवून मीठ, लसूण, जिरे. उन्हाळ्यात शेतावर जाण्यापूर्वी तेच आमचे खाणे आणि तेच पिणे.

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु रायच्या बिअरचा इतिहास वाचताना एक तारीख आडवी येते. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या सरदारांनी इंगोलश्टाट येथे हुकूम काढला की बिअर केवळ जव, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी. पुष्कळ अभ्यासकांच्या मते त्यामागे एक हेतू असा की गहू आणि राय भट्टीवाल्यांनी पळवू नये, ती पोळीला उरावी. त्यानंतर बव्हेरियात रायची बिअर जवळजवळ नाहीशी झाली. १९८८ साली तिथल्या एका कारखान्याने ती पुन्हा काढली, म्हणजे मधे पावणेपाचशे वर्षे गेली! गव्हाचे नशीब निराळे. १६०२ साली गव्हाच्या बिअरचा मक्ता खुद्द राजघराण्याने आपल्याकडे घेतला. गरिबाची राय पोळीला राखली गेली आणि श्रीमंताचा गहू तिजोरीच्या कामी आला, असा माझा तरी निष्कर्ष आहे.

हाच प्रश्न आपल्या दारी आला तेव्हा आपण काय केले? २००७ साली महाराष्ट्र शासनाने ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आखले. कारण दिले शेतकऱ्याच्या कल्याणाचे. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि बरेच वादळ उठले. ज्या विदर्भात शेतकरी गळफास घेत होते, त्याच राज्यात भाकरीचे धान्य बाटलीत घालण्यासाठी सरकार पैसे देणार होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या सरदारांचे हेतू सगळेच शुद्ध नसतील, पण अभ्यासकांचे खरे मानले तर धान्य आधी भाकरीचे, एवढा तरी विचार त्यांच्या हुकुमामागे होता.

तरुणांच्या बिअरची वार्ता धर्मग्रामात पसरली. एका रविवारी मिस्सानंतर एक बाई मला भेटायला आली. चार घरी धुणीभांडी करते, नवऱ्याचा पगार दारूच्या दुकानात जातो. तिच्या मनगटावर जुना व्रण आहे, त्याविषयी ती बोलत नाही. त्या तरुणाची ती लांबची मावशी लागते. तिने विचारले, “फादर, तो पोरगा म्हणतो, त्या गोष्टीतले लोक रोज संध्याकाळी खानावळीत बसून पितात आन् गाणी म्हणतात. मग त्यांच्या बायका कुठं असतात?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा चाळले. त्या खानावळींतील माणसे पितात, हसतात, गातात आणि सुखरूप घरी पोचतात. घराचे दार कोण उघडते, हे लेखकाला सांगावेसे वाटलेले नाही. टॉल्किनवर माझे प्रेम आहे, ते कमी झाले नाही. पण ज्या राज्यात मतदार स्त्रियांनी पुरेसा कौल दिला तर वॉर्डातील दुकान बंद होते, आणि ‘आडवी बाटली’साठी बायका उन्हात रांगा लावतात, तिथे बसून ती पाने वाचणे आणि ऑक्सफर्डला बसून वाचणे यात फरक पडतो. मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ती कोणत्याही कथेतली नव्हती.

मावशीचा प्रश्न मी त्या तरुणाला जसाच्या तसा सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “फादर, आमचे आजोबा पण पीत होते. आजी सांगत नाही, पण पीत होते.” त्या नाताळात बिअर झाली नाही. त्याऐवजी त्याने राहुरीहून आजीला आणले, आणि युवकांच्या मेळाव्यात तिने पंचाऐंशी माणसांची आंबील केली. डिसेंबरच्या थंडीत आंबील म्हणजे जरा विनोदच, पण ती संपली. आजीला अंगठ्यांची गोष्ट मुलांनी तुकड्या-तुकड्यांनी ऐकवली. तिला त्यातला माळी आवडला. राजा आवडला नाही.

मागील वर्षी कंपनीने त्या तरुणाला फिनलंडला पाठवले. तिथे घरच्यापुरती बिअर करण्यास मनाई नाही. त्याचा खेड्यातला घरमालक दर उन्हाळ्यात साहती करतो. तरुणाने आधी आपल्या खोलीत एकट्याने खटाटोप केला. रायचे पीठ, पातेले, मलमलीचे फडके. व्हायचे तेच झाले, सगळ्याची खळ. त्याने आजीला दूरध्वनी केला तेव्हा मी त्यांच्याच घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो, म्हणून संभाषण कानी पडले. हे दारूचे आहे हे त्याने तिला आधीच सांगून टाकले, त्याबद्दल मला त्याचे कौतुक वाटले. आजीने मुळीच रागावून न घेता विचारले, “पीठ किती बारीक दळलंस?” त्याने सांगितले. “तिथंच चुकलं. भरड पाहिजे. आन् फडक्याखाली थोडं काड टाक की, चुंबळीसारखं.” पलीकडून तो म्हणाला, घरमालकही काडच टाकतो, वर कसल्या तरी काटेरी डहाळ्या. “मग त्याला इचारायचं आधी,” आजी म्हणाली, “शेतकरी हाय ना त्यो?” मग तिने त्याला विचारले, तिकडे ज्वारी मिळते का. मिळत नाही म्हटल्यावर दोन किलो पीठ कसे पाठवायचे, याची चौकशी तिने माझ्याकडे सुरू केली.