शिकारीची वही

शिकारीचा खरा आनंद शिकारीच्या बेतात असतो असे माझे मत आहे. आणि हे मत मी आयुष्यात बंदूक हाती न धरता बनवले असल्यामुळे त्यावर वाद घालायला मला मुळीच संकोच वाटत नाही. माझा आधार म्हणजे वडिलांची एक वही. काळ्या पुठ्ठ्याची, लाल कडेची. १९५४ च्या पावसाळ्यात त्यांनी ती पुण्यात विकत घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले : ‘चांदा. सांबर. नाताळ.’ पुढची तीसेक पाने नुसत्या तयारीची आहेत. शिकारीचे पान एकच.

यंदा या वहीला मागणी आली ती थेट शिकागोहून. माझा नातू तिथे नोकरीला आहे. पुढच्या सप्टेंबरात कॉलोराडोच्या डोंगरात जाऊन एल्क मारायचा, असा त्याने बेत केला आहे. आणि तोही धनुष्यबाणाने! एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा महिना. नर शीळ घातल्यासारखे ओरडतात आणि त्या आवाजाच्या मागावर शिकारी जातो. “आजोबा, पणजोबांची यादी मला पाठवा,” असे त्याने फोनवर सांगितले, आणि पाठोपाठ त्याच्या आईचा फोन आला, “बाबा, पाठवू नका हं!” तिचे म्हणणे असे की, खायचे ते खावे, पण मारायला कशाला जावे? या प्रश्नाला उत्तर देणे मला सत्तर वर्षांत जमलेले नाही.

त्याची यादी आणि वडिलांची यादी मी शेजारी ठेवून पाहिली. नातवाला परराज्यातला पाहुणा म्हणून एप्रिलच्या आरंभी अर्ज करायचा आहे, जादा फी भरायची आहे, शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे आहे, आणि मग सोडतीत नाव निघाले तर जायचे आहे. वडीलही परराज्यातच निघाले होते! कारण तेव्हा पुणे मुंबई राज्यात आणि चांदा मध्यप्रदेशात होते. त्या राज्याची राजधानी नागपूर. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ आपल्याकडे आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. वडिलांच्या वहीतला आलापल्लीचा मुलूख आज गडचिरोलीत आहे.

सरकारी जंगलाचे तेव्हा शिकारीसाठी तुकडे पाडलेले असत. त्यांना ब्लॉक म्हणत. वनाधिकाऱ्यांना पत्र लिहून ठरावीक दिवसांसाठी एक ब्लॉक आपल्या नावे राखून घ्यायचा. परवान्यावर कोणते जनावर, किती, हे लिहिलेले. मादी मारायची नाही. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. जखमी जनावराचा माग सोडायचा नाही. वडिलांनी हे नियम सुवाच्य अक्षरात उतरून घेतले होते. खाली प्रवास : दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा, तिथे गाडी बदलून बल्लारशा, पुढे मोटार. ‘वैनगंगेचे पाणी उतरल्याची खात्री करणे.’ मग क्विनीन, कंदिलाच्या काचा तीन, मच्छरदाण्या, लिंबाचे लोणचे, आणि आईच्या अक्षरात, ‘मुलाचा स्वेटर’. तो मुलगा मी. वय वर्षे बारा.

नातवाच्या यादीत लोणचे नाही. बाकी सारे आहे. नऊ-दहा हजार फुटांवर दम लागतो म्हणून तो रोज पाठीवर वीस किलो तांदळाचे पोते घेऊन इमारतीचे जिने चढतो. शेजाऱ्यांनी त्याच्याबद्दल काय ग्रह करून घेतला असेल कोण जाणे. त्याचे धनुष्य कप्प्यांचे आहे. यादीच्या शेवटी त्याने ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘बाण लागल्यावर लगेच मागे जायचे नाही. निदान अर्धा तास थांबायचे.’

ही ओळ वाचली आणि वहीतले ते एक पान मी पुन्हा उघडले.

आमच्याबरोबर एक माडिया वाटाड्या होता. नाकेदाराने त्याला नेमून दिले होते. खांद्यावर बांबूचे धनुष्य. त्याची दोरीसुद्धा दोऱ्याची नव्हे, बांबूच्याच पातळ चिपेची. त्याचे जंगल, त्याच्या आज्याचे जंगल. पण परवाना वडिलांचा होता. पाचव्या दिवशी सकाळी ऐनाच्या झाडांआडून सांबर निघाले. वडिलांनी गोळी झाडली. ती मागे लागली, पोटात. सांबर बांबूच्या बेटात शिरले आणि वडील धावणार, तोच त्या माणसाने त्यांचा दंड धरला. एका साहेबाचा दंड! त्याने त्यांना खाली बसवले, स्वतः बसला, तंबाखू काढली आणि मळत राहिला. वडिलांचे हात कापत होते. मी त्यांना तसे आधी कधी पाहिले नव्हते. मागे लागलात तर ते मैलोगणती पळेल. सोडलेत तर जवळच बसेल. एवढेच त्याचे म्हणणे नाकेदाराने मराठीत सांगितले.

मग आम्ही उठलो. पानावरचा रक्ताचा ठिपका, मोडलेली काडी, ओल्या मातीत एक खूर, असे करीत दुपार कलेपर्यंत तो आम्हाला नेत राहिला. सांबर एका ओढ्याच्या काठी बसलेले होते. वडिलांनी बंदूक उचलली आणि खाली केली. शेवटचा बाण त्या माणसाने मारला. परवाना नसलेला. नाकेदार त्या वेळी झाडाच्या शेंड्याकडे बघत होता.

मांस गावात वाटले गेले. वहीत मात्र इतकेच आहे : ‘सांबर एक. माग सात तास. वाटाड्यास रुपये पाच.’

वडील पुन्हा गेले नाहीत. दर वर्षी दसऱ्याला वही काढीत, गाड्यांच्या वेळा नव्या करीत, आणि ठेवून देत. १९७२ च्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकारीचे ब्लॉक इतिहासजमा झाले. आईने उरलेल्या पानांवर दुधाचा हिशेब सुरू केला.

नातू म्हणतो, तिकडचे जंगल सरकारी म्हणजे सगळ्यांचे. तिथे शिकागोचा कारकूनही फी भरून बाण मारू शकतो, मांस मात्र टाकून यायचे नाही. इथे २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना पुष्कळ काही परत मिळाले. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क मिळाला, पुढे बांबूही गावाने स्वतः विकला. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र त्या कायद्याने स्पष्टपणे वगळला. जनावरे उरली नसताना हे योग्यच झाले, असे मी म्हणतो. आणि म्हणताना तो दंड धरणारा हात मला दिसतो. जनावरे संपवली ती त्याने नव्हे.

शेवटी मी सुनेला विचारले आणि मगच वहीची पाने नातवाला पाठवली, दुधाच्या हिशेबासकट. काल त्याचा उलट निरोप आला. यादीचे त्याला फारसे कौतुक नाही. त्याला एवढेच हवे आहे, की त्या माणसाने तंबाखू किती वेळ मळली. मी लिहिले आहे : वडिलांचे हात कापायचे थांबेपर्यंत.